माइकवरून केलेला आडोसा

माझ्या साडूच्या धाकट्या भावासारखा बोलणारा माणूस देवाने एकच घडवला. दुसरा घडवायला घेतला असता, तर पहिल्याने शेजारी उभं राहून त्या घडवण्याचंही समालोचन केलं असतं आणि देवाचा हात चुकला असता. हा गृहस्थ निघोज्याला राहतो, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यात आहे आणि रविवारी आसपासच्या गावांतल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांत माइकवर बोलतो. तसा तो रोजच बोलतो, माइक फक्त रविवारी मिळतो. आमच्या चिखलीच्या घरी जेवायला आला, की "दाजींनी तिसरी भाकरी सहज सीमारेषेपार धाडलेली आहे" असं सुरू होतं आणि मला चौथी मागायची चोरी होते. बडबडीला कंटाळून सुपरवायझरने त्याला सगळ्यांत जास्त आवाजाच्या मशीनवर टाकलं. आठवड्याभरात त्या मशीनवरून त्याचं बोलणं कॅन्टीनपर्यंत ऐकू येऊ लागलं.

त्याचा खास प्रांत म्हणजे स्वागत. आमच्याकडे सामना चालू असताना कोणी बडी असामी मैदानावर आली, की चेंडू हवेत असला तरी समालोचकाने तिचं नाव घ्यायचं, अशी रीत आहे. याने ती पार टोकाला नेली. सरपंच, रसवंतीवाला, पत्ता चुकून आलेला कुरिअरवाला, सगळ्यांचं सहर्ष स्वागत! सासऱ्याच्या जमिनीची मोजणी चुकवून, आजारी असल्याचं सांगून सामन्याला आलेल्या एका जावयाचंही त्याने असंच जाहीर स्वागत केलं. सासरा दोन शेतं पलीकडेच उभा होता.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या संघाच्या विकेटकीपरच्या आईला स्तनाचा कर्करोग निघाला. उपचारांच्या खर्चाने ते घर कसं वाकलं, हे पोरांनी पाहिलं. सगळी पंचविशीच्या अलीकडची-पलीकडची, शिफ्टमध्ये राबणारी पोरं. त्यांनी स्पर्धा भरवली. दर षटकारामागे गावातला एकेक दुकानदार ठरलेले पैसे देणार आणि ते अशा बायकांच्या उपचारांना जाणार. शिवाय बायकांना तपासायला एक डॉक्टरीणबाईही बोलावल्या. उत्साह दांडगा, पण अक्कल पोरांचीच. मानाची जागा म्हणून त्यांनी डॉक्टरीणबाईंचा तंबू समालोचनाच्या मंचाला लागून, सगळ्या मैदानाच्या डोळ्यांसमोर ठोकला. दुपारपर्यंत तिकडे एक बाई फिरकली नाही.

मग फिरकली ती आमच्या या समालोचकाचीच आई. तिच्या छातीत गाठ लागत होती. ती तिने फक्त थोरल्या सुनेला, म्हणजे माझ्या मेहुणीला, सांगितली होती आणि धाकट्या लेकाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. दोन महिन्यांच्या मनधरणीनंतर ती त्या दिवशी तयार झाली होती. पदर पुढे ओढून ती तंबूपाशी पोचते न पोचते, तोच कर्ण्यातून गर्जना झाली, "आणि तपासणीचा पहिला मान घेत आहेत आमच्या मातोश्री! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. ती तशीच वळली आणि घरी गेली.

माझी मेहुणी तरातरा मंचावर आली. मी तिथेच बसलो होतो. माइकवर हात दाबून धरत ती म्हणाली, "भावजी, आत्यांना गाठ हाय छातीत. आता त्या काय केल्या यायच्या न्हाईत. झालं समाधान?"

पुढची दोन षटकं कर्ण्यातून आवाज नाही. लोकांना वाटलं लाइट गेली. मग तो उठला, पोरांना घेऊन त्याने तंबू उपटला आणि शाळेच्या भिंतीमागे नेऊन उभा केला, जिथे मागच्या गल्लीतून येता येतं. मेहुणीला म्हणाला, "वहिनी, पाया पडतो, आईला मागनं घिऊन या. हिकडं मी बघतो. एक मान वळू देणार न्हाई."

आणि खरंच वळू दिली नाही. सामना अगदी रडका होता, पण गोलंदाजाने बुटाची नाडी बांधली, त्यावर हा अख्खं षटकभर बोलला. लोक हसून लोळत होते. शाळेच्या भिंतीकडे लोकांची पाठ होती, मंचावरून आम्हा दोघांनाच ती समोर दिसत होती. मेहुणीचा हात धरून आई भिंतीआड गेली, तेव्हा त्याचा आवाज चिरकला. लोकांना वाटलं घसा बसला. थोड्या वेळाने आणखी दोघी गेल्या, मग पाचजणी. घामाने भिजला तरी हा थांबला नाही. इतकी वर्षं ज्या तोंडाला मी हसलो, त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

गाठ कर्करोगाचीच निघाली. डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडली. मी त्याच शब्दाला धरून आहे. आता दर तीन आठवड्यांनी तो तिला पिंपरीला दवाखान्यात नेतो. परवा मीही गेलो होतो. सलाइन लागण्याआधी दोघं बाकावर बसले होते आणि हा खाली बघत गप्प होता. जन्मभर त्याला "गप बस" म्हणत आलेली ती माउली म्हणाली, "बोल की रं काहीतरी. तू गप बसला की मला लई भ्या वाटतं."

"काय बोलू, आई?"

"काय बी. नुसता आवाज येऊ दे."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि तो बोलू लागला. काय, ते शेजारी बसूनही मला ऐकू आलं नाही. तो फक्त तिच्यापुरतं बोलत होता.