खांद्यावरच्या हाताचे दोन मार्क

नर्सिंग कॉलेजात त्यांना तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे तोफ. हे दुसरं नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. राग त्यांच्या नाकावर असे हे खरं, पण तो उगाच कुणावर निघत नसे. गार हातांनी पेशंटला शिवणारी मुलगी दिसली की निघे. आत माणूस कोणत्या अवस्थेत आहे याची चौकशी न करता पडदा ओढणारा डॉक्टर दिसला तरी निघे, तिथे हुद्दा आडवा येत नसे. एका नावाजलेल्या सर्जनला त्यांनी भर वॉर्डात विचारलं होतं, "तुमच्या झोपायच्या खोलीत लोक असेच शिरतात का हो?" त्या दिवसापासून तो सर्जन पडद्याबाहेर उभा राहून आधी खाकरायला लागला.

आठवड्यातल्या दोन सकाळी बाई मुलींना घेऊन वॉर्डात जात. वेळापत्रकात त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं. मुली 'बाईंची सकाळ' म्हणत. माणूस अंथरुणात असताना त्याच्याखालची चादर कशी बदलायची, नळ्या लावलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, रडणाऱ्या बाईजवळ तोंड मिटून कसं बसायचं, हे सगळं तिथे शिकवलं जाई. आणि सगळ्याच्या वर एक नियम: आधी विचार, मग हात लाव. "कुठे दुखतंय ते त्याला माहीत आहे. तुला काय स्वप्न पडलंय?" असं त्या म्हणत.

खुद्द बाईंचा उजवा खांदा कामातून गेला होता. फार वर्षांपूर्वी एक थोराड पेशंट उठता उठता पलंगावरून कलंडला आणि पहिल्या वर्षाची एक काडीपैलवान मुलगी त्याच्याखाली सापडणार तोच बाई मध्ये घुसल्या. पेशंट वाचला, मुलगी वाचली, खांदा गेला. तेव्हापासून घरात वरच्या फळीवरचे डबे नवरा काढतो, दोरीवर ओले कपडेही तोच टाकतो. रस्त्याने जाताना तो न चुकता बाईंच्या उजव्या हाताला चालतो, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. "तोफेचा पहारेकरी आहे मी," असं तो ओळखीपाळखीच्यांना सांगतो, आणि बाई त्याला डोळे दाखवतात.

ती काडीपैलवान मुलगी पुढे शिकली, बढत्या मिळवत गेली आणि आता कॉलेजात विभागप्रमुख झाली होती. टेबलावर पेनांची रांग, साडीची एक निरी वाकडी नाही. बाई तिला टापटीप म्हणत. कौतुकानेच म्हणत, निदान वर्षभरापूर्वीपर्यंत तरी.

झालं असं, की नर्सेस आमच्याशी धड बोलत नाहीत, अशा पेशंटांच्या तक्रारी वाढल्या. तक्रारी खोट्या नव्हत्या. टापटीपने रात्रंदिवस खपून एक नवीन विषय बसवला, 'संवेदनशील संवाद'. बाईंना आधी बरंच वाटलं. पण नवीन विषयाला तास कुठून आणायचे, यावर घोडं अडलं आणि सगळ्यांची नजर बाईंच्या सकाळींकडे वळली. सहा महिन्यांपुरत्या द्या, बाई. प्रयोग म्हणून. विषयाचा उपयोग किती होतो ते मोजू आणि मग ठरवू. बाईंनी दिल्या. मोजून विषय 'परिणामकारक' ठरला, तर त्या सकाळी कायमच्या जाणार होत्या. बाईंच्या आयुष्यात अभिमानाने मिरवावं असं दुसरं काही नव्हतं.

मोजायचं काम तिघांचं: प्राचार्य, टापटीप आणि विषय न शिकवणारा कुणीतरी जुना शिक्षक, म्हणजे बाई. विषय सुरू व्हायच्या आधी मुलींची एक परीक्षा झाली होती, आता शेवटी तशीच दुसरी. परीक्षेत पेशंटचं सोंग घ्यायला एक निवृत्त बस कंडक्टर यायचे. हौशी नाटकांत त्यांनी उभा जन्म मरणाऱ्या बापाची कामं केली होती. कण्हण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"या वेळी पेशंटला काय झालंय ते मी ठरवणार," बाई म्हणाल्या.

"काहीही ठरवा, बाई. मुली तयार आहेत," टापटीप म्हणाली.

बाईंनी कंडक्टरचा उजवा हात झोळीत बांधला. खांद्याजवळचं हाड मोडलंय, सकाळीच पडलात, घरी अजून कळवलेलं नाही, एवढं सांगितलं आणि त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मध्ये बोलायचं नाही, ही अट होती. मार्क देणाऱ्या दोन शिक्षिका यादी घेऊन समोर बसल्या.

पहिली मुलगी आली. नाव सांगितलं, दोन मार्क. डोळ्यांत पाहिलं, दोन मार्क. मग म्हणाली, "मला समजतं तुम्हाला काय वाटतंय," आणि मोडक्या खांद्यावर हात ठेवला. कंडक्टर किंचाळले. मुलगी दचकली, पण हात काढला नाही, कारण हात क्षणभर ठेवायचा असं शिकवलं होतं. समोर यादीवर खूण पडली: दिलासा देणारा स्पर्श, दोन मार्क.

दुसरी आली. तिसरी आली. तेच वाक्य, तोच खांदा. कंडक्टर दर वेळी जास्त मोठ्याने ओरडायला लागले. त्यांना वाटलं, आपला अभिनय कमी पडतोय. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण जीभ दाताखाली धरून त्या बसून राहिल्या, कारण भिंगरी यायची बाकी होती.

भिंगरी म्हणजे बाईंचा जीव. कामाला वाघ, पायाला चाकं. कुणालाही जवळ येऊ न देणाऱ्या एका म्हातारीपाशी पहिल्याच सकाळी उकिडवी बसून हिने विचारलं होतं, "आजी, कुठल्या कुशीवर बरं वाटतं?" आणि म्हातारीने निमूटपणे कूस बदलली होती. सगळ्या चुकतील, ही नाही चुकणार, अशी बाईंची खात्री होती.

भिंगरी आली. झोळीकडे तिची नजर गेली, हे बाईंनी स्वच्छ पाहिलं. ती थबकली. मग म्हणाली, "मला समजतं तुम्हाला काय वाटतंय," आणि हात ठेवला.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी तिला गाठलं.

"झोळी दिसली होती ना गं?"

"हो, बाई."

"दुखेल हे कळलं नाही?"

"कळलं होतं. म्हणून मी अगदी हळू ठेवला."

"पण ठेवलास कशाला?"

भिंगरीने बाईंकडे जरा नवलाने पाहिलं. "दोन मार्क आहेत ना त्याला. नाही ठेवला तर जातात."

बाईंना त्या क्षणी तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि लगेच तिला पोटाशी धरावंसं वाटलं. न कळून हात ठेवणाऱ्या बाकीच्या परवडल्या. या पोरीला कळत होतं, आणि कळत असून दुखवायला आपण तिला शिकवलं होतं, तेही शाबासकी देऊन.

कंडक्टर झोळी सोडत बाहेर आले. "बाई, खांदा धड आहे म्हणून निभावलं. खरंच मोडला असता, तर एकीला तरी चावलो असतो."

त्याच दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक होती. भिंतीवर टापटीपने आकडे दाखवले. पहिल्या परीक्षेत निम्मेही मार्क नव्हते, आता जवळजवळ पैकीच्या पैकी. प्राचार्यांनी समाधानाने चहाचा घोट घेतला. अहवाल तयारच होता. 'परिणामकारक' या शब्दाखाली तीन सह्या हव्या होत्या, दोन झालेल्या होत्या.

"डोळे फुटलेत का तुमचे?" बाई कडाडल्या. "प्रत्येकीने त्या माणसाचा मोडका खांदा दाबला! आणि दर वेळी तुमच्या यादीवर खूण पडली!"

"बाई, तो एक मुद्दा आपण सुधारू..."

"मुद्दा? अगं, पोपट तयार केलेस तू! पोपट परवडला, तो निदान हात तरी ठेवत नाही. वॉर्डात माणूस असतो, माणूस! तो ओरडला की हात मागे यायला हवा. हे यादीत मावतं? माझ्या सकाळी काढून घेतल्यास त्या यासाठी?" त्यांचा आवाज फाटला. एवढ्या वर्षांत कुणी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. आता ते आलं, आणि त्याचाही त्यांना संताप आला.

टापटीप हळहळली. खोटं नाही, मनापासून. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली. "बाई, मला समजतं तुम्हाला काय वाटतंय," म्हणाली, आणि तिने बाईंच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. जरासा दाबला.

बाई अशा कळवळून ओरडल्या, की बाहेरचा शिपाई दार ढकलून आत आला. प्राचार्यांचा चहा अहवालावर सांडला.

"घे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "दोन मार्क घे."

टापटीपचा हात हवेतच राहिला होता. ती त्या खांद्याकडे पाहत होती. मग तिचा चेहरा उतरत गेला.

"बाई... तो पेशंट कलंडला होता, तेव्हाचा ना हा?"

"मग काय, दर वर्षी नवा मिळतो?"

"अजून दुखतो?"

"हे आधी विचारायचं असतं, मूर्ख मुली! तुला मीच शिकवलं होतं."

टापटीपने मान खाली घातली. खुर्चीत बसली, भिजलेला अहवाल ओढला आणि त्यावरची स्वतःची सही खोडली. एरवी पट्टी घेऊन रेघ मारणारी, आज वेडीवाकडी मारली.

"अहो, पण आकडे?" प्राचार्य म्हणाले.

"आकडे बरोबर आहेत, सर. आम्ही जे शिकवलं, तेच मुली शिकल्या."

पुढच्या सत्रात बाईंच्या सकाळी परत सुरू झाल्या. म्हणून बाईंचा राग उतरला असं कुणी समजू नये. भिंगरीचा हात त्यानंतरही कितीतरी दिवस पेशंटच्या खांद्याकडे आपोआप जायचा, आणि वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकावरून बाई ओरडायच्या, "आधी विचार!"