गल्लीच्या तोंडाशी केंद्र

लग्न होऊन महाल वस्तीत आले तेव्हा आमची भाड्याची एकच खोली होती. नवरा हिंगण्याच्या कारखान्यात. कंपनीची बस पकडायला तो सकाळीच निघायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी पालिकेचं केंद्र नव्यानं उघडलं होतं. खाली दवाखाना, वर बालवाडी आणि शिवणवर्ग.

पहिलं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरमालकिणीला विचारलं, केंद्रात दाखवून येऊ का?

"तिथं काहून जातं वं?" ती म्हणाली. "ज्यांचं कोणी नाही, त्या जातात तिथं."

मलाही कोणी नव्हतं. पण हे तिला कसं सांगणार?

शेवटी केंद्राची नर्सबाईच दारात आली. तिला कोणी सांगितलं, मला कधीच कळलं नाही. तिनं नाडी पाहिली नाही, उपदेशही केला नाही. पाणी मागितलं, मग चहा झाला. निघताना म्हणाली, "उद्या ये. मी दारातच उभी राहीन."

"लोक काय म्हणतील?"

"मले भेटाले आली म्हण."

खरंच उभी होती. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. मग नर्सबाईनं मला वर शिवणवर्गात नेऊन बसवलं; पुढेही मी गेले की तीच वर घेऊन जायची. बायका मशीन चालवत आपसांत बोलायच्या; मी खिडकीपाशी काजं करत ऐकायची. रात्री नवऱ्याला सांगायला माझ्याजवळ काहीतरी असायचं.

उन्हाळ्यात तिची बदली झाली. नवी नर्सबाई काही वाईट नव्हती. मला पाहून विचारलं, "काय होऊन राहिलं तुले?" सांगण्यासारखं दुखणं उरलं नव्हतं. "काही नाही," म्हणाले आणि परत फिरले. वर मशीन चालू होत्या, पण एकटीनं जिना चढवेना.

पुढे मुलगी झाली. तिला लस द्यायला, वजन करायला, मग रोज बालवाडीत सोडायला मी जाऊ लागले. मूल कडेवर असलं की कोणी काही विचारत नाही. घरमालकिणीनंही विचारलं नाही. बायका ओळखीचं हसायच्या, सरकून जागा द्यायच्या.

मुलगी पहिलीत गेली आणि तेही संपलं. तिला शाळेत सोडून येताना मी केंद्रासमोर थोडी रेंगाळायची. आतून कोणी हाक मारली असती तर गेले असते. मग भाजी घ्यायची आणि घरी यायची.