दोन बोटं उंच तळ

माझा मामा माणसाचं तोंड विसरेल, पाय विसरायचा नाही. धंदाच तसा. ज्यांचा एक पाय आखूड, त्यांच्या बुटाला तो बुचाचा जाड तळ लावून देतो. हे तो शिकला माझ्या आईसाठी. आई त्याची थोरली बहीण, तिचा डावा पाय दोन बोटं आखूड. दर वर्षी तळ झिजायचा आणि मामा नवा जोड करायचा.

मग वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने परिपत्रक काढलं: उंच तळाचा बूट हेही उपकरणच, परवान्याशिवाय बनवायचं नाही. निरीक्षक आला, दुकानाला सील ठोकून गेला. आईचा त्या वर्षीचा जोड तयार होऊन आतच राहिला.

परवान्याला पदवी हवी, आणि मामाने सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला. त्याने कायद्याचं पुस्तक आणलं आणि ओळींवर बोट ठेवत वाचून काढलं. "यात बूट आहे कुठं? कायदा सभागृहात होतो. हे कोण टिकोजीराव लागून गेले?" म्हणाला, आणि गेला कोर्टात.

वकीलबाईंनी बजावलं, "निकालापर्यंत एकही तळ कापायचा नाही. घरातसुद्धा नाही. एक सापडला की आपला दावा बुडाला." मामाने ते तंतोतंत पाळलं. परवानेवाला तर शहरात एकही नव्हता. आई झिजलेल्या बुटावर भिंत धरून चालायची आणि करवादायची, "तुझ्या हट्टापायी माझं कंबरडं मोडतंय रे!"

दोन वर्षं नुसत्या तारखा पडल्या. साक्ष देताना मामा प्राधिकरणाच्या वकिलालाच म्हणाला, "साहेब, तुमची डावी टाच आतून झिजतेय, बघा जरा." न्यायाधीशही हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी मामा जिंकला. परिपत्रक काढून अधिकार वाढवता येत नाहीत, बूट त्यात आणायचा असेल तर आधी कायदा बदला, असं निकालात स्पष्ट लिहिलं होतं. मामाने त्याच निरीक्षकाकडून सील काढून घेतलं, जोडावरची धूळ पुसली आणि तडक आमच्या घरी आला.

आई बूट घालून उभी राहिली आणि उजवीकडे कलली. मामाने खाली बसून माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. दोन वर्षं डावीकडे झुकून चाललेली कंबर तशीच आखडली होती. जुनं माप तिला आता जास्त होत होतं.

"कितीचा फरक?" आईने विचारलं.

"पाऊण बोट."

"जिंकलास ना पण?"

"जिंकलो, ताई," मामा म्हणाला, आणि तिचा पाय दोन्ही हातांत धरून रडायला लागला.