काकांच्या घरची मॅच

"दार लावू नको रे. बंद दाराला शेजारी कान लावतात."

काकांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला काढता काढता मी सवयीने दार ओढून घेत होतो. तेव्हा त्यांनी हे सांगितलं. डोंबिवली पूर्वेची जुनी इमारत. मजल्यावर चार बिऱ्हाडं, आणि चारही दारं उजाडल्यापासून जेवणं आटपेपर्यंत सताड उघडी. अशा इमारतीत तुम्ही वाढला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथे दार लावलं की सगळ्या मजल्याला प्रश्न पडतो.

काका पन्नाशी ओलांडलेले, ठाण्याला एका कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात. बारीक मिशी, इस्त्रीचा शर्ट, बगलेत डब्याची पिशवी. असा माणूस रोज तुमच्या शेजारून गेलाय आणि तुम्ही वळून बघितलेलं नाही. आम्ही काका म्हटलं की जिन्यात कोणी नाही याची खात्री करून फणकारायचे, "काका कोणाला म्हणतोस मेल्या? मावशी म्हण!" पावलं वाजली की पुन्हा काका.

आमची ओळख पत्रकामुळे झाली. आमची संघटना लहान, पोरं पाच-सहा आणि चीड भरपूर. ठाणे स्टेशनबाहेर मी समलिंगी माणसांच्या हक्कांची पत्रकं वाटत होतो. लोक घेत होते आणि न वाचता फेकत होते. काकांनी एक घेतलं, कडेला उभं राहून दोनदा वाचलं आणि परत आणून माझ्या हातात ठेवलं. "पाठ झालं. घरी कागद ठेवायची सोय नाही रे."

मग ती मालिका सुरू झाली. चार मित्र, चौघेही गे, दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर. काकांचा फोन आला, "एकट्याने बघवत नाही. या ना." मी जायला लागलो, आणि माझ्याबरोबर ठाकुर्लीचा आनंद आणि त्याचा इरफान. त्या दोघांना तर एकमेकांशेजारी बसायलाच दुसरं घर नव्हतं.

पण दर रविवारी तीन तरणे पुरुष एका बिनलग्नाच्या माणसाकडे कशाला येतात? काकांनी मजल्यावर सांगून ठेवलेलं, "ऑफिसची पोरं आहेत. मॅच बघायला येतात." ते खोटं काका मन लावून चालवायचे. खिडकीत फोनवर क्रिकेटची कॉमेंट्री मोठ्याने लावायची आणि टीव्हीचा आवाज इतका बारीक की आम्ही चौघे पडद्याला नाक लावून बसलेलो. पडद्यावर एक मित्र दुसऱ्याच्या कुशीत रडतोय, खिडकीत स्टेडियम गर्जतंय, आणि डोळे पुसता पुसता काका दाराकडे तोंड करून ओरडतायत, "अरे, कॅच सोडला रे गाढवाने!"

आनंदला हसू आवरायचं नाही. काका दटावायचे, "हसतोस काय? तूपण ओरड. चौघांत एकटाच ओरडला तर संशय येतो."

समोरचे पाटकर सोसायटीचे सेक्रेटरी. क्रिकेटवेडे. कधीकधी दारातूनच विचारायचे, "काय हो, स्कोअर?" काका बघून ठेवलेला स्कोअर बिनचूक सांगायचे आणि अंगठा रिमोटवर. एक बटण दाबलं की पडद्यावर खरी मॅच.

मला त्या मालिकेचा राग यायचा. चौघांचे प्रशस्त फ्लॅट, समोर समुद्र, वाढदिवसाला सात रंगांचा केक. मी बडबडायचो, ही मलई आहे, आपल्या पोरांना लोक घरातून हाकलतायत ते का नाही दाखवत? काका ऐकून घ्यायचे. एकदाच म्हणाले, "ते केक-बिक जाऊ दे रे. यांना शेजारी कसे नाहीत एकपण? तेवढं बघायला मला बरं वाटतं."

शेवटच्या भागाच्या रविवारी काकांनी शिरा केलेला. त्यातल्या दोन मित्रांचं लग्न होणार होतं, आणि काका घरचं कार्य असल्यासारखे अस्वस्थ. मॅच त्या दिवशी नव्हतीच. कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मालिका सुरू व्हायला आली तेव्हा काकांनी फोनवर कुठली तरी जुनी मॅच शोधून लावली. "कॉमेंट्रीच ना? कोणाला कळतंय!"

पाटकरांना कळलं. कॉमेंट्रीत जो बॅटिंग करत होता तो रिटायर होऊन कैक वर्षं झालेली.

"अहो, हा कुठून आला आज? जुनी मॅच लावलीत काय? थांबा, मीपण येतो," म्हणत ते आले, अगदी हसत. दार उघडंच होतं. खुर्ची ओढून बसले. काकांचा अंगठा रिमोटवर तसाच राहिला. पडद्यावर दोन पुरुष एकमेकांना हार घालत होते. पाटकरांनी ते बघितलं. मग इरफानच्या खांद्यावरचं आनंदचं डोकं बघितलं. आल्याआल्या हातात दिलेली शिऱ्याची बशी न उष्टावता खाली ठेवली.

"चालू द्या," म्हणाले आणि गेले.

काकांनी टीव्ही बंद केला. खिडकीत कोणीतरी शतक ठोकलं.

ते घर काकांच्या मोठ्या भावाच्या नावावर. भाऊ ठाण्याला टॉवरमध्ये. आईचं शेवटचं आजारपण काकांनी एकट्याने काढलं, आणि त्या बदल्यात त्यांना तिथे राहू दिलेलं. सभेत आम्ही ओरडून सांगतो की कायद्याने आपण आता गुन्हेगार नाही. नाही ना. पण घर भावाच्या नावावर असतं, आणि सेक्रेटरीकडे भावाचा नंबर असतो.

सामान बांधायला काकांनी मला बोलावलेलं, तेव्हा भाऊ आला. आल्याआल्या म्हणाला, "दार लाव आधी. लोक ऐकतील."

"राहू दे उघडं," काका म्हणाले. "ऐकायचं ते ऐकून झालंय त्यांचं."

"आईचे देव आहेत या घरात. जरा तरी लाज?"

काका वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत राहिले. मी भावाला बोलायला तोंड उघडलं तर माझा दंड धरून म्हणाले, "सभा नको रे इथे."

ते टिटवाळ्याला गेले. नवी उंच इमारत, निम्मी रिकामी, भाड्याची खोली. तिथे सगळी दारं बंद. कोण कुठे राहतं कोणाला माहीत नाही. मी उत्साहाने म्हटलं, "मावशी, आता फुल आवाजात बघू! शेवटचा भाग राहिलाय ना?"

"बघू. सगळे मिळून बघू. तोवर सांगू नको हां त्यांचं काय झालं ते."

पण आनंदच्या घरी कुणकुण लागली आणि त्याला नाशिकला मामाकडे पाठवलं. इरफानने फोन उचलणं सोडलं. मी मोर्च्यांत, निवेदनांत. काकांचे फोन आखूड होत गेले. "टीव्ही लावलायत का?" विचारलं तर म्हणायचे, "कोणासाठी लावू?"

मग त्यांचा फोन बंद लागायला लागला, म्हणून मी टिटवाळ्याला गेलो. वॉचमनने सांगितलं. झोपेतच गेले असावेत. दाराशी दुधाच्या पिशव्या साठल्या, तेव्हा दूधवाल्याने त्याला वर बोलावलं. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना काही माहीत नव्हतं. भाऊ आला, सगळं उरकून, कुलूप लावून गेला. आम्हाला कोण कळवणार?

"आप कौन लगते थे उनके?" वॉचमनने विचारलं.

इतकी पत्रकं लिहिली मी. एक शब्द आठवला नाही.

"साथ में मॅच देखते थे," म्हटलं.

वर गेलो. लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना बंद दारं. काकांच्या दाराला नवं कुलूप. मी जवळ गेलो आणि दाराला कान लावला.