गोविंददाची राणी

गोविंददा गेल्याचं मला उस्माननं सांगितलं. शुक्रवार होता, मी बुसैतीनला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. रत्नागिरीचा हा उस्मान आमच्या खोलीतला सगळ्यांत बडबडा माणूस. तो गाडी घेऊन आला आणि दारात नुसताच उभा राहिला. "गोविंदा गेला रे," तो म्हणाला. "गावावरनं फोन आला. झोपेतच... खलास." मी ताटावरून तसाच उठलो. गेल्याच वर्षी नोकरी सोडून गोविंददा कायमचा गावी परतला होता. आता आंघोळीपुरता उठेन, बाकी दिवसभर पडवीत बसेन, असं सांगून गेला होता. एवढीशी हौसही त्याला पुरती भागवता येऊ नये, याचा मला राग आला. अजूनही येतो.

इकडे आखातात, उम्म अल हस्सममध्ये, आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. मी एका ऑफिसात कारकून, गोविंद मेस्त्री मआमीरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. पण मूळचा तो दशावतारी. कुडाळकडच्या एका कंपनीत जत्रेजत्रेला लुगडं नेसून उभा राहणारा, स्त्रीपार्टी नट. पोटासाठी आखातात आला, तरी त्याच्यातली राणी काही गावी राहिली नाही. गणपतीच्या दिवसांत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत, त्याचा खेळ व्हायचा. पेटीवर मी. म्हणजे मी पेटी वाजवायचो, आणि गोविंददाच्या मते पेटीला छळायचो. राजानं वनात सोडलेली राणी झाडांशी बोलते, हा त्याचा हातखंडा प्रवेश. दशावतारात बोलणं लिहिलेलं नसतं, उभं राहिल्यावर जे सुचेल ते. त्यामुळे त्याची राणी दर वर्षी नवं दुःख घेऊन यायची. चटके बसलेल्या त्या काळ्या हातांनी तो पदर सावरायला लागला की आम्हाला वेल्डर दिसेनासाच व्हायचा.

त्याचं एक म्हणणं होतं. "शब्द कळले नाय तरी चलात. पण राणी बोलता आसताना माणूस उठान जाता नये. गेलो, की समजाचा, नट मेलो." गावी असताना कंपनीच्या मालकानं त्याला एकदा डिवचलं होतं, की तुझी राणी मालवणी मुलखाबाहेर कोण ऐकणार? ते त्याला कायमचं लागलं होतं.

त्याच्या वर्कशॉपमधल्या जर्मन इंजिनियरची बायको, हेल्गाबाई, स्वतः नाचणारी होती. एका गणपतीत ती गच्चीवर आली आणि शेवटपर्यंत जमिनीवर मांडी ठोकून बसली. तिच्या गावी दर वर्षी एक महोत्सव भरायचा. ज्यांना ना थिएटर, ना सरकारचा आधार, अशी छोटी मंडळी तिथे नाटक, नाच आणि ज्याला नाव देता येत नाही असं काहीबाही करायची. तिनं आम्हा दोघांना बोलावणं आणवलं, नवऱ्याच्या मागे लागून गोविंददाची लीव्ह मंजूर करवली, व्हिसासाठी खेटे घातले. मी घाबरलो होतो. म्हटलं, "गोविंददा, तिथे मालवणी कुणाला कळणार?" तो म्हणाला, "म्हणानच जावया."

महोत्सव होता साबणाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात. प्रत्येक खोलीत एकेक मंडळी, आणि प्रेक्षक या खोलीतून त्या खोलीत हिंडणारे. एका खोलीत एक बाई बटाट्यांच्या ढिगात नाचत होती, दुसरीत दोघे मुकाट्यानं भिंत रचून पाडत होते. गोविंददानं सगळं गंभीरपणे पाहिलं आणि शेरा मारला, "वायट नाय. बटाटे मात्र फुकट गेले." आम्हाला इंग्रजीत सांगितलं गेलं, तुम्हाला अर्धा तास, मग घंटा होईल. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. मराठी माणसाला घंटा झाली की नाटक सुरू होतं, एवढंच ठाऊक. म्हणजे अर्धा तास तोंड रंगवायला, असं आम्ही धरून चाललो.

दुपारी गोविंददानं ट्रंकेवर बैठक मारली, देवाला नमन केलं आणि हातातल्या आरशात बघत स्वतःच स्वतःला रंगवायला घेतलं. दार उघडून माणसं आत आली. "लवकर इले वाटता," तो माझ्या कानाशी म्हणाला आणि भुवई कोरू लागला. चाळीसेक माणसं असतील, चिडीचूप. कुंकू लागलं, केसांचा टोप चढला, लुगड्याच्या निऱ्या झाल्या. मी पेटीवर बोटं ठेवली. घंटा झाली. राणी उठली, हात जोडले... आणि टाळ्यांचा कडकडाट! हेल्गाबाईचे डोळे भरलेले. एका म्हाताऱ्या गृहस्थानं राणीचा हात हातात घेतला. मग सगळे शिस्तीत पुढच्या खोलीत निघून गेले. हेल्गाबाईही.

"गेले?" गोविंददानं विचारलं.

"गेले."

"अरे, पण मी खय बोललंय?"

काय झालं ते माझ्या ध्यानात आलं होतं. मी सांगितलं, घंटा आपल्या सुरुवातीची नव्हती, शेवटाची होती; तुझं रंगणं हाच त्यांनी खेळ धरला. त्यानं हातातला आरसा ट्रंकेवर ठेवला. मला वाटलं, आता टोप उतरवेल. पण नमन झालं की खेळ मोडायचा नाही, हा दशावताराचा दंडक. "पेटी धर," तो म्हणाला. आणि त्या रिकाम्या खोलीत, भिंतींना झाडं समजून, राणी बोलली. इतकं चांगलं मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. मी रडत होतो, सूर चुकत होते, आणि त्या दिवशी त्यानं मला त्याबद्दल एक शब्दही सुनावला नाही. हेल्गाबाईला आम्ही खरं सांगितलं नाही. ती इतकी खूश होती. परतल्यावर आमच्या खोलीवरच्या मित्रांनाही नाही.

रजा मिळाल्यावर गावी गोविंददाच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. त्यानं घरी सांगितलं होतं, की परक्या मुलखात त्याची राणी शेवटपर्यंत ऐकली गेली. त्यांना ते पुरेसं वाटत नसावं. कपबशी उचलता उचलता थांबल्या.

"भावोजी, एक खरा सांगा. थयसर ह्येंची राणी बोलत होती, तेवा कोण उठान गेला?"

"कोणीसुद्धा नाही, वहिनी," मी म्हणालो. "देवाशपथ."