बेचाळीस चौकोनांची खोली

सुमीचा फोन आला तेव्हा मी बँकेत पासबुक भरून घ्यायला उभा होतो. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग मीच लहान असल्यासारखं, "आधी कुठेतरी बसा तुम्ही." मी बसलो. माझ्या वहिनी वर्षभर आजारी होत्या, वयही झालं होतं, तेव्हा बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. पण त्यांच्याशी एक गोष्ट बोलायची माझी राहून गेली होती. ती मी चाळीस वर्षं उद्यावर ढकलत आलो... आता त्यांना जाऊन पाच आठवडे झाले, ढकलायला उद्या उरला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात दादा, वहिनी, सात वर्षांची सुमी आणि मी नेरूळजवळ शिरवणे गावात भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. दादा तिथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात फिटर, मी शेजारच्या कारखान्यात नुकताच चिकटलेला कारकून, आणि वहिनी घरी ब्लाउज शिवायच्या. नेरूळला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. एका रविवारी वहिनी तिथलं नमुन्याचं घर बघून आल्या आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी त्याचा नकाशा काढला : बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, मोरी. सगळ्यावर बारीक चौकोन आखले. एक चौकोन म्हणजे पन्नास रुपये. स्वयंपाकघर वहिनींचं, बाहेरची खोली दादाची आणि आतली, बेचाळीस चौकोनांची, माझी, कारण "उद्या लग्न झाल्यावर भाऊजी काय मोरीत राहणार?" मोरी सुमीच्या खाऊच्या पैशांवर सोडली होती. ती रंगायला फार वेळ लागणार यावरून दादा तिला चिडवायचा आणि सुमी रुसून बसायची.

पगारानंतरच्या पहिल्या रविवारी शिरा व्हायचा. मग ज्याने त्याने आपापल्या पासबुकात जेवढे भरले असतील तेवढे चौकोन आपापल्या रंगाने रंगवायचे. दर दहाव्या चौकोनाला थोडे पैसे उडवायचेच, भेळ म्हणा, सिनेमा म्हणा, असाही वहिनींचा दंडक होता. आणि सर्वांत कडक दंडक हा की कुणी कुणाचं पासबुक बघायला मागायचं नाही. दादाला ते पटत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "आमचे अण्णा रोज संध्याकाळी पै न् पैचा हिशेब मागायचे. आम्ही पाचही भावंडं खोटं बोलण्यात पटाईत झालो. माझ्या घरात ते नको." पैसा साठवायला घरातली माणसं रविवारची वाट बघतात, हे मी वहिनींच्याच घरी पाहिलं.

माझा पिवळा रंग मागे पडायचा. दादाचा निळा भराभर पुढे सरकायचा, आणि मला ते लागायचं. त्यात काशिनाथ भेटला. शिरवण्यातलाच, माझ्या वयाचा, मनाने सरळ. न्हावा शेव्याला बंदराचं काम निघालं होतं, तिथे माल टाकायला त्याला जुना टेम्पो घ्यायचा होता. "पैसं कुठं जात नाय रं," तो म्हणाला, "सा मयन्यान दीडपट देतंव. टेन्शन काय घेतंस?" मी पोस्टातले काढून दिले, मग दर महिन्याचेही त्यालाच देऊ लागलो. आणि रविवारी, येणार असलेले पैसे मी आधीच रंगवू लागलो. मला ते खोटं वाटत नव्हतं, हे आज सांगायला लाज वाटते. आपण फक्त थोडे पुढे आहोत, एवढंच वाटायचं. खोली पिवळीधमक झाली तेव्हा वहिनींनी शिऱ्यात जास्तीचे बेदाणे घातले. मी तो शिरा दोनदा मागून खाल्ला.

मग घरांची जाहिरात आली. अर्जासोबत ठरलेली रक्कम भरायची, मोठ्या घराला जास्त, लहानाला कमी, आणि मुदत जेमतेम दहा दिवसांची. दादाने फर्मान काढलं, गुरुवारपर्यंत सगळ्यांनी आपापले पैसे काढून आणायचे. मी त्याच दिवशी काशिनाथकडे धावलो. टेम्पो गॅरेजात उघडा पडला होता, इंजिनाचे भाग गोणपाटावर मांडलेले. काशिनाथ माझ्याकडे बघेना. "हप्ता तुंबला हाय," तो म्हणाला, "माज्याकडं आता काय नाय." रोज कारखान्यातून सुटलो की मी त्या गॅरेजात जायचो, आणि रोज इंजिन तसंच असायचं. घरी वहिनी सुमीला विचारत होत्या, तुळस खिडकीत ठेवायची की दारात? मी ताट अर्धंच टाकून उठायचो. "भाऊजी, तब्येत बरी नाही का?" त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला, आणि मी डोकं दुखतंय असं सांगून भिंतीकडे तोंड करून पडलो.

गुरुवारी दुपारी दादाने आपले पैसे पाटावर ठेवले, वहिनींनी आपले ठेवले, सुमीने नाण्यांची पिशवी ठेवली. तिघं माझ्याकडे बघत होते. मी सांगून टाकलं. दादा उठला, त्याचा हात वर गेला... मध्ये वहिनी आल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "खरे किती?"

"सहा."

"बेचाळिसातले सहा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. कमी पडत होते अठराशे रुपये, म्हणजे दादाचा दोन महिन्यांचा पगार. दादा म्हणाला, व्याजाने काढू. वहिनी म्हणाल्या, "नाही. आपल्याकडे जेवढं आहे तेवढंच आपलं घर." त्यांनी शिलाईची कात्री घेतली आणि भिंतीवरच्या नकाशातून आतली खोली कापून काढली. सुमी रडायला लागली. कात्री रेषेवरून जराही हलली नाही. मग पदर खोचून त्या दादाला म्हणाल्या, "चला, खिडकी बंद होईल. लहान घराचा अर्ज भरू." ते दोघं गेले, आणि मी पाटासमोर बसून राहिलो. इतकं नालायक मला पुढे कधी वाटलं नाही.

सोडतीत लहान घर लागलं. एक खोली आणि स्वयंपाकघर. पुढच्या पगाराच्या रविवारी वहिनींनी शिरा केला, नवा कागद टांगला, त्यावर सुमीच्या शिक्षणाची शिडी काढली, आणि पहिली पेन्सिल माझ्या हातात दिली. माझं पासबुक त्यांनी तेव्हाही मागितलं नाही, पुढेही कधी नाही. मी दर वेळी ते खिशात घेऊन बसायचो, मागतील म्हणून. काशिनाथने तीन वर्षांत पै न् पै फेडली. ती रक्कम मी नेऊन दिली तेव्हा वहिनींनी सुमीच्या नावावर टाकली. मोठ्या घरांचे भाव तोवर कुठच्या कुठे गेले होते.

त्या घरात बाहेरच्या खोलीत दादा, सुमी आणि मी झोपायचो. वहिनी स्वयंपाकघरात. "मला पहाटे उठायचं असतं, तुमची झोपमोड नको," असं त्या म्हणायच्या, आणि आम्ही ते मानून घेतलं; खरं कारण मी त्यांना कधी विचारलं नाही. माझं लग्न होऊन मी वेगळा झालो, सुमी सासरी गेली, दादा गेला, तरी त्यांची सतरंजी तिथेच पडायची. गेल्या आठवड्यात सुमीबरोबर घर आवरायला गेलो होतो. ती बाजारात गेली आणि दुपारच्या वेळी मी त्या जागेवर आडवा झालो. इतक्या वर्षांत एकदाही झालो नव्हतो. वहिनी उंच होत्या, जवळजवळ माझ्याएवढ्या. डोकं ओट्याखालच्या कप्प्याला लागलं आणि पाय भिंतीला. मी सरकून पाहिलं, तिरका होऊन पाहिलं. शेवटी गुडघे पोटाशी घेतले, तेव्हा कुठे मी तिथे मावलो.