खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? दुकानदारावर, लेबलवर की स्वतःच्या नाकावर?

अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या गॅरेजमध्ये मी थाई रेशीम विकतो. म्हणजे गाडी बाहेर पावसात भिजते आणि रेशीम आत एसीत झोपतं. कापडाच्या तुकड्यांपेक्षा माझ्याकडे किश्शांचाच स्टॉक जास्त झालाय, आणि त्यावर सेलही लावता येत नाही!

या दिवाळीला माझं घोडं अडलं होतं सुलभाकाकूंपाशी. काकू रिटायर्ड केमिस्ट्री टीचर. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बावीस बायकांना माझं रेशीम आवडलं होतं, पण सगळ्यांचं उत्तर एकच, "काकूंनी खरं म्हटलं तरच घेऊ!"

*

धंदा मला कुठल्या कॉलेजनं शिकवला नाही. थायलंडच्या एका खेड्यात एक विणकर मावशी आहेत, त्यांच्या अंगणात पंधरा दिवस बसून शिकलो. उकळत्या पाण्यात पिवळेधमक कोष नाचत असतात आणि मावशी त्यांचे तंतू हातानं ओढून धागा काढतात.

मी खुणेनं विचारलं, खरं रेशीम ओळखायचं कसं? मावशींनी धाग्याचा तुकडा पेटवून माझ्या नाकाशी धरला. मग माझ्या डोक्यावरचा केस उपटला आणि तोही पेटवला. सेम वास! राखही तशीच, बोटानं चुरली की भुगा. पॉलिस्टर पेटवून दाखवलं, तर ते वितळून त्याचा टणक मणी झाला.

मला पटायला वेळ लागला. डोक्यावर पुढे ही जी मोकळी जागा दिसते ना, ती माझी ट्यूशन फी!

*

हातानं काढलेला धागा मशीनसारखा एकसारखा नसतो. मध्येमध्ये जाड होतो, कापडावर बारीक गाठी दिसतात. तीच त्याची ओळख.

शिल्पा नावाच्या कस्टमरला हे सांगायचं राहिलं. तिचा आठवड्यानं फोन, "काका, माल थोडा डिफेक्टिव्ह होता, पण डोन्ट वरी, मी फिक्स केलं!"

बाईंनी भुवया कोरायच्या चिमट्यानं सगळ्या गाठी उपटल्या होत्या. सहा दिवस लागले. म्हणाली, "आता फक्त थोडी भोकं दिसतात."

*

कॅरी गावचा एक आयटीवाला. बायकोसाठी जांभळं रेशीम मागवलं होतं.

"काका, तुम्ही हिरवं पाठवलंत!"

यात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे कापड हलेल तसा रंग बदलतो. म्हटलं, "खिडकीपाशी जा आणि कापड तिरकं धर."

"झालं जांभळं! थँक्यू काका!" दोन मिनिटांनी परत फोन. "काका, बायको सोफ्यावर बसली की पुन्हा हिरवं होतंय. सोफा हलवू का?"

*

स्टेट कॉलेजच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "काका, हे धुवायचं कसं?"

मी सोपं करून सांगितलं, "केस धुतेस तसं. गार पाणी, सौम्य शाम्पू, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं."

रविवारी तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे रूममेट खिदळत होत्या. "काका, शाम्पू झाला, कंडिशनर झाला. तेल आधी लावायचं होतं का?"

*

गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात स्टॉल लावला आणि हौसेनं एक धागा पेटवून दाखवला. एकच धागा हो! हॉलमधला फायर अलार्म कोकलायला लागला. नाटकातले सगळे मेकअपसकट पार्किंग लॉटमध्ये. फायर ब्रिगेडचा माणूस हुंगत आला आणि माझ्या टकलाकडे बघून कळवळून म्हणाला, "सर, आर यू ओके?"

तेव्हापासून टेस्ट फक्त गॅरेजमध्ये, शटर उघडं ठेवून. कस्टमरनं स्वतः जाळायचं, स्वतः हुंगायचं आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून सही करायची.

*

अखेर सुलभाकाकू आल्या. मागून अनंतकाका, त्यांचे यजमान. काकूंच्या अंगावर ठेवणीतली साडी. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काकांनी इंडियातून आणलेली, "शंभर टक्के प्युअर सिल्क". आमच्या सगळ्यांच्या घरी ही साडी एकदा तरी येऊन गेलेली आहे.

काकूंनी वही काकांच्या हातात दिली. "माझे हात अडकणार, तुम्ही लिहा."

माझा धागा पेटला. जळक्या केसांचा वास, राखेचा भुगा. बावीस ऑर्डरी माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागल्या.

"थांब विनायक," काकू म्हणाल्या. "तुलनेला कंट्रोल सॅम्पल हवं. ज्याच्याबद्दल शंकाच नाही असं." आणि त्यांनी पदराच्या गोंड्यातला धागा काढला.

काकांचं पेन थांबलं. "अगं, साडी कशाला खराब करतेस?"

"एका धाग्यानं काय होतंय?"

धागा पेटला, आकसला, चर्रकन वितळला. छोटासा काळा मणी बशीत टणकन पडला आणि घरंगळत काकांच्या बाजूला गेला. काकूंनी बोटानं दाबून पाहिलं. चुरेना. नखानं दाबलं. चुरेना.

काका माझ्या कानाशी आले. "विनायक, बावीसच्या बावीस तुकडे मी घेतो. फक्त टेस्ट चुकीची आहे म्हण!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बशीवरची नजर न काढता काकू म्हणाल्या,

"अहो, तिकडे काय कुजबुजताय? वही पुढे घ्या. दोन्ही धाग्यांचं जे दिसलं तेच प्रामाणिकपणे लिहा. आणि खाली सही करा!"